मस्कतच्या दुकानात आत्याची आरती

गेल्या आठवड्यात मस्कतला आमचं जहाज चुकता चुकता राहिलं... आणि ते आत्याच्या आरतीमुळे.

आत्या बर्मिंगहॅमची, हॉस्पिटलमधून नुकतीच रिटायर झालेली. क्रूझला एकटी कशी जाऊ म्हणून तिने मला बेसिंगस्टोकहून उचललं. मस्कतला एक दिवसाचा स्टॉप होता. बाजारातून बंदराकडे जाणारी शेवटची शटल बस चुकली तर जहाज थांबणार नव्हतं... आणि माझा पासपोर्ट, यूकेच्या व्हिसासकट, जहाजावर जमा.

धुपाच्या एका दुकानात आत्याने देवघरासाठी धूप घेतला. दुकानदार आजोबांनी आम्हाला बसवून कॉफी दिली, खजूर दिले. हिंदी छान बोलत होते, त्यामुळे आत्या उठेचना. मी आपला घड्याळ बघतोय...

मग आजोबांनी धुपाटणं पेटवलं आणि आत्यासमोर फिरवलं.

आत्याने डोक्यावर पदर घेतला. "बूट काढ रे," मला म्हणाली. मी काढले... का काढले, माहीत नाही. तिने धुरावरून हात फिरवून तोंडावर घेतले, आरती पुटपुटली आणि धुपाटण्याखालच्या ताटलीत एक पाउंडाचं नाणं टाकलं.

आजोबा नाण्याकडे बघतायत. मी आजोबांकडे. त्यांनी पुन्हा धूप फिरवला... जरा घाईने.

"बघ किती भाविक आहेत," आत्या म्हणाली. "प्रसाद घेऊनच उठू."

तिसऱ्यांदा फिरवल्यावर आजोबांनी नाणं तिच्या मुठीत परत ठेवलं. "बहन, हमारे यहाँ ये घुमाते हैं तो मेहमान उठते हैं. आपका जहाज छूट जाएगा."

मी बूट हातात घेऊन पळालो. आत्या मागून साडी सावरत. बसवाला दार लावत होता...

डेकवर तिने मुठीतलं नाणं उघडून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी आपल्याला हाकललं का रे?"

"निरोप दिला गं."

"तीनदा?"

मला अजून नीट उलगडलेलं नाही. आपल्याकडे धूप फिरला की बसायचं, त्यांच्याकडे उठायचं... आणि आपण तर 'येतो येतो' म्हणत दारातच अर्धा तास काढणारी माणसं. 'आता निघा' म्हणायची इतकी चांगली पद्धत मी आजवर पाहिली नव्हती. त्या आजोबांचे आभार मानायचेही राहिले... आम्ही नुसते पळालो.