सीडी दादाकडे, पेनड्राइव्ह माझ्याकडे

भूतखेत, आत्मा, साक्षात्कार… यातलं काहीही मला आजवर कुणी विकू शकलेलं नाही. अकोल्यात जठारपेठेत माझं जुन्या अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरचं दुकान आहे. टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली, घरातून एक पैसा न घेता. समोरचा काय लपवतोय हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. तरी लिहितो.

आमचे बाबा अमरावतीत भजनं म्हणायचे, पेटीही स्वतःच वाजवायचे. त्यांची एक सवय मंडळात सगळ्यांना माहीत होती – बैठक मांडली की आधी पंखा बंद. पंख्याची घरघर सुरात मिसळते म्हणायचे. मे महिन्यातसुद्धा सूट नाही. टाळकरी घामाने निथळत मनातल्या मनात शिव्या द्यायचे. त्यांचं नीट रेकॉर्डिंग आयुष्यात एकदाच झालं, ओळखीच्या स्टुडिओत, आणि त्याची एकच सीडी निघाली.

बाबा गेले तेव्हा ती सीडी माझ्या मोठ्या भावाने आपल्या कपाटात ठेवली. माझ्या हातात एक पेनड्राइव्ह दिला. "लॉसलेस कॉपी हाय. काहीच फरक नाही."

ते मनात राहिलं. दादा शिकलेला, नोकरीवाला, शेवटपर्यंत बाबांजवळ राहिलेला. अस्सल माल त्याच्याकडे आणि कॉपी माझ्याकडे – विचारलंसुद्धा नाही.

आता खरं सांगायचं तर दुकानात मीही हेच सांगतो. सीडीतले आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये येतात, आवाज तोच. 'सीडीची मजा वेगळी' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी तावातावाने भांडलो आहे. पण ही सीडी वेगळी होती.

मागच्या उन्हाळ्यात मी माझा अ‍ॅम्प्लिफायर सीडी-पेनड्राइव्हच्या प्लेअरसकट गाडीत टाकून अमरावतीला गेलो आणि दादासमोर सौदा ठेवला. दोन्ही लावायचं, मी पाठ फिरवून ऐकणार. सीडी कुठली ते ओळखलं तर सीडी माझी. नाही ओळखलं तर तो विषय कायमचा बंद.

"दुकानात लोकायले सांगतं फरक नाही," दादा म्हणाला, "अन् इथं तुले फरक आयकू येते?"

"लोकायचा बाप थोडीच गाऊन राहिला त्याच्यात."

"दोघं बी म्हातारे झाले," वहिनी म्हणाल्या, "अन् पोट्ट्यायवानी सीडीवरून भांडून राहिले." पण सीडी की पेनड्राइव्ह ते बटण फिरवायला त्याच बसल्या. अ‍ॅम्प्लिफायरवर मी टॉवेल टाकला. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसलो. दुपारची वेळ, पंखा फुल्ल.

पहिल्यांदा मी 'सीडी' म्हणालो, ती फाइल निघाली. दादा हसला नाही, नुसता खाकरला. ते जास्त लागलं. "वहिनी, अजून एक बार लावा," मी म्हणालो.

भजनाच्या आधी थोडी शांतता आहे, मग पेटी सुरू होते. त्या शांततेत स्पीकरमधून बाबांचा आवाज आला. गाण्यातला नाही, बोलण्यातला.

"गजूशेट, पंखा बंद करा आता."

मी उठलो आणि पंखा बंद केला. जसा लहानपणी करायचो तसा, काहीही विचार न करता. मग पेटी सुरू झाली. भजन संपलं.

माझं डोकं फिरलं. "हे सीडीत होतं ना? हे काढून मले कॉपी दिली तुमी?"

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "तुमचाच पेनड्राइव्ह लागला हाय."

मी टॉवेल ओढला. बटण पेनड्राइव्हवरच होतं.

त्यानंतर आम्ही दोन्ही पुन्हा पुन्हा लावलं. पंखा चालू ठेवून, बंद ठेवून. काही नाही. दादाच्या लॅपटॉपवर सीडी आणि फाइल ताडून पाहिली, कुठे तसूभर फरक नाही, आणि सुरुवातीच्या शांततेत आवाजाचा मागमूस नाही. अ‍ॅम्प्लिफायर जुना, त्यात ब्लूटूथ वगैरे नाहीच. आणि मुख्य गोष्ट – 'गजूशेट' हे बाबांनी मला दुकान टाकल्यावर चिडवायला ठेवलेलं नाव. रेकॉर्डिंग त्याच्या कितीतरी आधीचं.

दादा उठला, प्लेअरमधली सीडी काढून माझ्यासमोर ठेवली. "घेऊन जाय. पेनड्राइव्ह मले दे."

ज्यासाठी आलो होतो ते फुकटात समोर होतं.

"कॉपी करून देतो ना," मी म्हणालो. "काहीच फरक नाही."

"कॉपी नको." त्याने सीडी आणखी पुढे सरकवली. "शेवटपर्यंत मी जवळ होतो गजू. अन् त्याइनं हाक तुले मारली."

इतकी वर्षं मला वाटत होतं, उरलंसुरलं माझ्या वाट्याला आलं. मी पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि सीडी त्याच्याकडे सरकवली. सौदा तिथेच मोडला. दर रविवारी तो फोन करतो आणि ठेवता ठेवता विचारतो, "आला का रे आवाज?"

नाही आला. दुकानात ती फाइल मी बऱ्याचदा लावतो. बाहेर अकोल्याचं ऊन, आत पत्र्याचं छत. गिऱ्हाईक कपाळ पुसत म्हणतं, "शेट, पंखा काहून बंद केला?" मी सांगतो, घरघर सुरात मिसळते.