पेल्यातलं पाणी

जेवताना आईचं लक्ष ताटापेक्षा पेल्यातल्या पाण्याकडे असतं. आजोबांनी घरामागेच कारखाना काढला. तापलेल्या लोखंडावर तिथला मोठा हॅमर पडला की आमच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. ते थांबलं की आधी आजोबांचा, पुढे बाबांचा घास हातातच राहायचा. मशीन बिघडलं? कुणाचा हात सापडला? हे घर आवाजानं कधी दचकलं नाही. दचकलं ते शांततेनं.

गेल्या महिन्यात मी कारखाना गावाबाहेर नेला.

“बंद पडलं का रे?” आज आईनं पुन्हा विचारलं.

“चालू आहे गं. कारखाना आता लांब गेलाय ना!”

मी हसलो खरा, पण पाणी अगदी निश्चल होतं. खरकट्या हातानंच उठून सुपरवायझरला फोन लावला.

“चालू आहे, साहेब.”

“फोन जरा हॅमरजवळ धर बघू.”