पोर्चची उंची

ज्या घराने मला नाकारलं, त्या घराचा पोर्च मी काढलेला आहे. आखाडा बाळापूरला रस्त्यावरूनच दिसतो. एसटीने जाताना मी मुद्दाम त्या बाजूची खिडकी धरायची.

डिप्लोमा झाल्यावर मी हिंगोलीत घरीच होते. पुण्याला नोकरी लागलेल्या मैत्रिणीने घरांचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची एक सीडी पाठवली. त्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा ओढायच्या नसत. पडद्यावर डबे मांडायचे आणि तारांनी जोडायचे. एका डब्यात उंचीचा आकडा, त्याची तार खांबांच्या डब्यात, तिथून पुढची छतात. आकड्याची पट्टी माउसने सरकवली की खांब, छत, लिहिलेली मापं, सगळं एकदम बदलायचं. शिकवायला कोणी नव्हतं. संगणक भावासाठी घेतलेला, आणि तो त्यावर पत्ते खेळायचा. तो उठला आणि लाइट असली, तरच माझी पाळी. जोडणी चुकली की डबा लाल व्हायचा, आणि काय चुकलं तेही सांगायचा. आमच्या घरातली माणसं नुसतीच लाल व्हायची.

मैत्रिणीच्या ऑफिसात मला घ्यायला तयार होते. वडील म्हणाले, "एकटी पोरगी पुण्याला जाणार न्हाई. नवरा पुण्याचा मिळाला तर जा, मग शिक काय शिकायचं ते." म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा मी देवापुढे हात जोडले. मुलासाठी नव्हे, त्या डब्यांसाठी.

पाहुणे आले. मला चालायला लावलं, नाव-गाव लिहायला लावलं. मुलाचे वडील हळदीचे व्यापारी, बाळापूरला नवं घर बांधत होते. म्हणाले, "कंपुटर येतो म्हणं. काढ बरं आमचा पोर्च."

मी लाटेसारख्या छताचा पोर्च काढला, जीव ओतून. पट्टी सरकवली, छत वरखाली झालं, पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली. मग ज्याला त्याला पट्टी हवी. मामाने सरकवली, काकाने सरकवली. शेवटी मुलाच्या आईने छत पार खाली आणून ठेवलं. "असंच छान दिसून राहिलं. ह्याचाच कागद द्या."

"पण उंची कमी..." मी एवढंच म्हणाले. माझ्या आत्याने चिमटा काढला. "इचारल्याबिगर बोलू न्हाई."

भावाने तिथल्या तिथे प्रिंट काढून दिली.

आठवडाभराने मध्यस्थ निरोप घेऊन आला. "पोरगी हुशार हाय, पण उंचीनं कमी पडून राहिली. त्यांना उंच सून पायजे." वडील मला ऐकू जाईल असं बोलले, "कंपुटरपुढं बसून उंची वाढती व्हय?" पुणं संपलं. भावाने माझे सगळे डबे पुसून टाकले, त्याला नव्या गेमसाठी जागा हवी होती. मी मोरीत बसून रडले.

पोर्च कागदाबरहुकूम उभा राहिला. बांधताना कोणीतरी म्हणालं होतं, मालक, पायऱ्या चढून येताना डोकं लागंल. मालक म्हणाले, "कंपुटरचं माप हाय, चुकत न्हाई." आणि त्या घरात उंच सून आली. हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. आपटू दे, म्हटलं, रोज आपटू दे. मी असते तर ताठ मानेने आतबाहेर केलं असतं.

पुढे बाळापूरच्या एका लग्नात ती दिसली. कपाळावर, टिकलीच्या वर, भरून आलेली खोक. मी डोळे भरून पाहून घेतलं. शेजारची बाई म्हणाली, "नवरा पुण्याला, ही हितंच. सासू धाडतच न्हाई. लगीन झाल्यापासून पुणं बघितलं न्हाई बिचारीनं."

तेवढ्यात सासूने हाक मारली. ती लगबगीने निघाली. मंडपाची कमान तिच्या डोक्यापेक्षा चांगली हातभर उंच होती. तरी ती वाकून गेली.