केवडा पडलाय

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माझी बदली कवठे महांकाळला झाली. शाळेत दिवसभर ‘बाई, बाई’ अशी हाक यायची, पण माझं नाव कुणी घेत नसे. शाळा सुटली की मी एसटीची वाट बघत रस्त्याकडेला उभी राहायची.

पलीकडच्या भुईमुगात एक म्हातारा रोज दिसायचा. पटका सोडून मांडीवर ठेवायचा, बांधावर बसायचा आणि एखादं पान दोन बोटांत धरून उन्हावर बघायचा. एकटाच बोलत असायचा.

एकदा मीच विचारलं, “बाबा, काय म्हणतंय रान?”

“केवडा पडलाय, बाई.”

मी पडले सातारा शहरातली. मला वाटलं, ओढ्याकाठी केवडा फुललाय. “मग एक कणीस द्याल का? खोलीत ठेवीन वासाला.”

तो बघतच राहिला. मग असा हसला, की डोळे पुसावे लागले. एक फांदी खुडून त्यानं माझ्या हातात दिली. पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. वास कसलाच नव्हता.

“ह्यो आमचा केवडा. शेतीचा सायेब म्हनला, लोखंड कमी पडतंय.”

“मातीत नाही का?”

“मातीत लय हाय. पर चुनखडीचं रान. मुळीला घेता येत न्हाई.” तो पटका बांधायला लागला. “आमचं बी घर मानसांनी भरल्यालं हाय, बाई.”

एसटी आली. पाय ठेवायला जागा नव्हती. ती पिवळी फांदी हातात घेऊन मी उभ्यानं खोलीवर गेले. वाटेत कुणीसुद्धा विचारलं नाही, बाई, हे काय?