मिसाओचा पहिला वाडगा

मिसाओचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. पाचला माशाच्या वड्यांच्या कारखान्यात हजेरी, त्याआधी तासभर माती तुडवायची. अनवाणी. मोजे घातले तर पायाला खडा कळत नाही, आणि एक खडा अख्खा वाडगा तडकवतो. अठरा वर्षांत एकदाही खाडा नाही.

घराणं जपानातल्या हागी गावातलं, अकरा पिढ्या चहाचे वाडगे घडवणारं. अठरा वर्षांपूर्वी वडील गेले आणि भट्टी विझली. आता सगळं सुएनोबाईंच्या हातात. चहापानाचा विधी शिकवणाऱ्या या बाईंनी वाडग्याला नाव देऊन त्याच्या लाकडी खोक्यावर स्वतः लिहिलं, तर बारावी पिढी उभी राहिली. नाहीतर भट्टी कायमची बंद.

पन्नाशी उलटल्यावर मिसाओनं पहिली भट्टी लावली. ती आणि नवरा तेरुमासा, दोघांनी आळीपाळीनं तीस तास सरपण घातलं. तिच्या भुवया जळाल्या. पाच दिवस भट्टी निवू दिली, सहाव्या सकाळी तोंड फोडलं. सदतीस वाडगे. हातोडी घेऊन तिनं एकेक पारखला आणि फोडला.

"अगं, भात खायला तरी एखादा ठेव!" तेरुमासा ओरडला.

छत्तीस फुटले. सदतिसावा हातात घेतला आणि ती हसतच सुटली. पिकल्या जर्दाळूचा रंग, कडेला धुकं उतरल्यासारखं.

"अहो, बघा ना! बघा!"

"तू नाचायची थांब, म्हणजे दिसेल."

"बाईंकडे नेते. आत्ता!"

"अगं, आधी पेजेत उकळ त्याला!"

सायकल केव्हाच उताराला लागली होती. हागीचा नवा वाडगा माठासारखा झिरपतो, भाताच्या पेजेत उकळला की त्याची छिद्रं बुजतात. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिसाओला त्या सकाळी स्वतःचं नावही आठवलं नसतं.

सुएनोबाई चौऱ्याऐंशीच्या. त्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं.

"तूही भाजून निघालीस की काय?"

त्यांनी चहा घुसळला, वाडगा तळहातावर फिरवला, एक घोट घेतला. मनगटावरून हिरवा ओघळ कोपरापर्यंत गेला. टप्. चटईवर.

मिसाओनं कपाळ जमिनीला टेकलं. "बाई, पेज... उकळायचं राहिलं."

"गप्प बस. हा वाडगा थांबू देत नाहीये."

बाईंनी उरलेला चहा भुर्रकन ओढला. मग वाडगा पालथा करून हागीच्या रीतीनं बुडाला दिलेला काप बोटानं चाचपला. बराच वेळ.

"तुझ्या बापाचे वाडगे जड असायचे. हा हलका आहे. गळून गळून आणखी हलका झाला." बाई खुदकन हसल्या. "खोकं आण. शाई मी काढते."

नाव लिहिलं, 'झरा'. मिसाओ हसता हसता रडली, रडता रडता तिला उचक्या लागल्या. बाईंनी तिला चहा दिला. दुसऱ्या वाडग्यात.

वड्यांच्या कारखान्याचा त्या महिन्याचा पगार बाईंच्या साडेचार चटयांच्या चहाच्या खोलीला गेला. एकच चटई बदल, असं बाई म्हणत होत्या. मिसाओनं साडेचारच्या साडेचार नव्या घातल्या.