लय काय?

आमच्या गल्लीतली सगळी कुरिअर माझ्याकडे येतात. कुणाचा मिक्सर, कुणाच्या चपला, एकदा तर चार फुटी प्लास्टिकची तुळस. का, तर मी घरी असते. मी ग्राफिक डिझायनर आहे, सकाळी नऊपासून कॉम्प्युटरपुढे मान मोडते, पण आमच्या मखमलाबाद गावात नऊला जो चप्पल घालून बाहेर पडत नाही तो रिकामटेकडा. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, झेंडू आणि शेवंती लावतात आणि पहाटे क्रेट भरून फुलबाजारात नेतात. पोरगी काय करते असं कुणी विचारलं की ते सांगायचे, घरीच असती, कॉम्प्युटरवर बसती. बसती! त्या शब्दाचा मला इतका राग आला की दोन दिवस मी उभं राहून काम केलं. कंबर धरली, बाकी काही फरक पडला नाही.

काम तरी कुठे मोठं मिरवण्यासारखं होतं म्हणा. वाढदिवसाचे फ्लेक्स, जावळाच्या पत्रिका, द्राक्षाच्या पेटीवरची लेबलं. गिऱ्हाईक खुर्ची ओढून शेजारी बसतं आणि रिकामी जागा दिसली की त्याच्या पोटात दुखायला लागतं. इथं काकांचा फोटो टाका. इथं गुलाब. इथं अजून एक काका. एका फ्लेक्सवर मी सत्तावीस काका बसवलेत. त्यातल्या एकाशी नंतर भांडण झालं म्हणून त्याला काढायला लावलं आणि त्या भोकात परत गुलाब.

याचा सूड म्हणून मी स्वतःची पोस्टरं करायला लागले. एका पोस्टरवर एकच मराठी शब्द आणि बाकी कागद कोरा. आधी तो शब्द चार दिवस तोंडात घोळवायचा, भाजी निवडताना, गाडीवर, आंघोळ करताना. मग खोलीत जुनी वर्तमानपत्रं पसरायची आणि चपट्या ब्रशने तो काढत बसायचं, आणि जमला की स्कॅन करून मोठ्या कागदावर छापून आणायचा. ‘लय’ हा शब्द मी तीन आठवडे काढत होते. ‘ल’च्या गाठीतून निघालेला हात ‘य’च्या दांड्यापर्यंत एका झोक्यात गेला पाहिजे, नाहीतर ती लय कसली? आईने एकदा दारातून बघितलं आणि म्हणाली, दोनच अक्षरं तर आहेत, मी काढून देऊ का?

मग गंगापूर रोडच्या एका कॅफेवाल्याने ही पोस्टरं लावायला एका रविवारापुरती भिंत दिली. त्याचं मेन्यूकार्ड मी सात वेळा बदलून दिलं होतं, त्यामुळे त्याला नाही म्हणायला तोंडच नव्हतं. मी आप्पांना बोलावलं. खरं सांगते, बाकी कुणी फिरकलं नसतं तरी चाललं असतं. मी काम करते, एवढं मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. कौतुक नको, नुसतं तेवढंच.

बाजार उरकून ते तसेच आले. क्रेटवर नाव टाकायचा काळा मार्कर अजून शर्टाच्या खिशात होता. भिंतीपुढून एकेक पाऊल टाकत निघाले आणि ‘लय’पाशी थांबले. बराच वेळ थांबले.

"लय काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, लय.

"हां, पण लय काय? लय भारी, लय महाग, लय ऊन... पुढं काय?"

घ्या! तीन आठवडे मी गाण्यातली लय काढत होते आणि आमच्याकडे लय म्हणजे खूप, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. जन्मापासून घरात दुसरं काय ऐकलं होतं मी? मी चिडून त्यांना तबला सांगितला, श्वास सांगितला, शेवटी गिरणीचा पट्टासुद्धा सांगितला. त्यांनी मान डोलावली, न पटलेलं गिऱ्हाईक डोलावतं तशी. तेवढ्यात माझा फोन वाजला. कुणाच्या तरी तिसऱ्या काकांचा फोटो मोठा करून हवा होता. मी भांडायला बाहेर गेले.

दहा मिनिटांनी आत आले तर आप्पा पोस्टरसमोर उभे राहून मार्करला टोपण लावत होते. मी किंचाळायचीच बाकी होते. माझा कोरा कागद!

"छापायचं राहिलं व्हतं," ते हळूच म्हणाले.

चूक माझीच. छपाईच्या दुकानात आपला फॉन्ट नसला की अर्धा मजकूर छापायचा राहतो, म्हणून घरी रोज बोंबलणारी मीच. पोरीची चारचौघांत शोभा नको, म्हणून त्यांनी राहिलेला मजकूर भरून टाकला होता. काय भरायचं ते कुणाला विचारलं नव्हतं.

मग मी वाचलं. माझ्या ‘लय’ला चिकटून, बाजारात लांबून दिसावं म्हणून काढतात तशा जाडजूड अक्षरांत लिहिलं होतं, ‘काम करती पोरगी’.

माझ्या डोळ्यांना धार लागली. आप्पा घाबरले. कॅफेवाल्याकडे स्पिरिट आहे का विचारतो, स्पिरिटने निघतं, म्हणून काउंटरकडे निघाले. मी त्यांचा हात धरला.

"पुसू नका, आप्पा," मी म्हटलं. "बरोबर आहे ते."