बांधीवरचं घर

आमच्या मूल गावच्या घरातला संडास तुंबला तेव्हा त्या घरात येऊन आम्हाला जेमतेम चार महिने झाले होते. आषाढाचे दिवस. चार दिवस पावसाची झड लागलेली. पाचव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, फ्लश ओढला तर पाणी खाली जायच्याऐवजी वर आलं. आमचे हे बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आत कोणी जाऊ नका." घरात मी एकटीच होते.

ह्यांची सगळी नोकरी ऊर्जानगरला, वीज केंद्रात गेली. कंट्रोल रूममध्ये ह्यांच्या एका शब्दावर अख्खं युनिट बंद व्हायचं. पण घरातला नळ ह्यांनी आयुष्यात कधी उघडून पाहिला नव्हता, कारण क्वार्टरमध्ये त्याची गरजच नसायची. नळ गळो, फ्यूज जावो, दार फुगून बसो, ऑफिसात जाऊन कंप्लेंट रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची. दोन दिवसांत माणूस सायकलवर पिशवी अडकवून दारात हजर. तीस वर्षं आम्ही असे राहिलो. रिटायर होऊन मूलला आल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, तर ह्यांनी काय करावं? दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या, तारीख घातली आणि लिहिलं, 'किचनमधील नळ, गळती.' खाली तक्रारदार म्हणून सहीसुद्धा केली. आठवडाभर ती वही टेबलावर पडून होती. शेवटी मीच बाजारातून दहा मिनिटांत वॉशर आणून बसवला. तेव्हा ह्यांनी वहीत शेरा मारला, 'काम पूर्ण.'

संडासाला वॉशर नसतो. ह्यांनी बांबू घालून पाहिला, तारेचा आकडा घालून पाहिला, दुकानदाराने दिलेली पावडर ओतली, काही उपयोग नाही. मोकळ्यावर जावं तर आमच्याकडे वाघाचं भय. गावाबाहेर एकटं जायची छाती कोणाला नाही, आणि ह्या वयात ते शोभतही नाही. मी शेजारच्या बाईंकडे जायची, रिकाम्या हाताने जायला लाज वाटे म्हणून कधी लोणचं, कधी चार भजी घेऊन जायची. हे मात्र शेजारी पाऊल टाकायला तयार नव्हते. पहाटे उठायचे, रेनकोट आणि हेल्मेट घालायचे आणि स्कूटर काढून बसस्टँडवरच्या सुलभमध्ये जायचे. हेल्मेट आत जाईपर्यंत काढायचे नाहीत, कोणी ओळखू नये म्हणून. मला पहिल्या दिवशी हसू आलं. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आपोआप गेलं.

गुरुवारी संध्याकाळी ह्यांनी नागपूरला मुलाला फोन लावला. मुलाला हे घर पहिल्यापासून पसंत नव्हतं. त्याचं म्हणणं एकच, दोघंही माझ्याकडे या, फ्लॅटमध्ये सगळं सुखाचं आहे. आता त्याच्याकडे घराला गिऱ्हाईकही होतं. रविवारी घेऊन येतो म्हणाला. हे म्हणाले, "घेऊन ये. मी नोकरीतला मानूस, मले जमिनीतलं काय समजते? दाखवलं तसं घेतलं. फसलो." फोन ठेवून ते ओसरीवर पावसाकडे पाहत बसून राहिले.

मी आत भांडी घासता घासता ते ऐकलं. मला ठाऊक होतं, हे फसले नव्हते. निदान त्यांना वाटत होतं तसे नाही.

झालं होतं असं. प्लॉट पाहायला आम्ही गेलो ते गेल्या वर्षीच्या चैत्रात. जमीन कशी खणखणीत कोरडी, वर लाल मुरूम पसरलेला, चुन्याच्या रेघा मारलेल्या. ह्यांना ती जागा क्वार्टरच्या मैदानासारखी स्वच्छ दिसली. मी मात्र झाडीपट्टीतली, धान पिकवणाऱ्याची पोर. प्लॉटच्या कडेला, मुरूम जिथे कमी पडला होता, तिथे मला धानाची धसकटं दिसली, एका ओळीत. पलीकडे मातीखाली दबलेला धुरा, म्हणजे शेताचा बांध, तोही दिसला. ती बांधी होती. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. आणि शेजारची बांधी तर अजून जितीजागती होती. पावसाळ्यात इथे गुडघाभर पाणी उभं राहणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी बोलले नाही. तीस वर्षं ज्या घरात राहिले त्याच्या भिंतीत खिळा मारायचा तर ऑफिसची परवानगी लागायची. रंग पिवळाच, तोही त्यांना वाटेल तेव्हा. मला माझी भिंत हवी होती. उंचावरचे प्लॉट आमच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि ह्यांचा स्वभाव मला ठाऊक. एक शंका काढली असती तर त्यांनी स्कूटर वळवली असती आणि पुन्हा प्लॉटचं नाव काढलं नसतं. म्हणून मी धसकटांवर पाय ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, "चांगली आहे जागा." आता तोच माणूस स्वतःला मूर्ख म्हणवून घेत होता आणि मी गप्प बसून ऐकत होते. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी सकाळी पाऊस उघडला. मी म्हटलं, चला, मिस्तरीकडे जाऊ. ज्याने आमची संडासाची टाकी आणि तिचं पाणी जिरवणारा शोषखड्डा बांधला होता त्या मिस्तरीचा फोन चार दिवस बंद होता. घरी गेलो तर कुलूप. गल्लीत मिस्तरीच काय, प्लंबर, सुतार, रंगारी, कोणीच नव्हतं. रोवणा सुरू होता. आमच्याकडे धानाची लावणी सुरू झाली की सगळे कारागीर शेतकरी होतात, आणि ज्याच्या घरात काही मोडायचं असेल त्याने रोवणा आटपेपर्यंत थांबावं, असा रिवाज आहे. हे चिडून म्हणाले, "असं कुठी असते काय?" मी म्हटलं, इथी असते.

मिस्तरी बांधीतच सापडला. मांडीपर्यंत चिखलात, हातात धानाच्या रोपांची पेंढी. आम्हाला पाहून कपाळाला हात लावला.

"बाई, आता मी मिस्तरी नाई. रोवणा झाला का मंग मिस्तरी. सोमवारच्या नंतर येतो."

"सोमवारी घर आमचं राह्यलं नाई राह्यलं, काय भरोसा," मी म्हणाले.

"काय करू सांगा. दोन बाया तापानं पडल्या, घरचीबी त्यातच आहे. रोपं जून होऊन राह्यली. उद्या सांजपर्यंत ही बांधी रोवली नाई तं गेलं साल."

मी बांधीकडे पाहिलं. सहा बायका ओळीने वाकून मागे मागे सरकत होत्या. ओळीत मध्येच दोन माणसांची जागा रिकामी होती. मी चप्पल काढली.

"मी रोवतो. आज अन् उद्या. तुमी माह्या घरी जा. कामाले काम."

मिस्तरीने आधी माझ्या चष्म्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे म्हणाले, "तुले जमन काय?" मी पदर खोचत म्हणाले, "तुमी धुऱ्यावर उभे राहा अन् पेंढ्या फेका. तेवढं तं जमन." मिस्तरीने थोडा विचार केला, हात धुतले, माझ्याकडून घराची किल्ली घेतली आणि सायकल काढली.

इतक्या वर्षांनी बांधीत उतरल्यावर सगळं आपोआप आठवलं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. माझी पहिली दहा रोपं पाण्यावर तरंगायला लागली. ओळीतली शेजारची बाई ती पुन्हा रोवत होती. तासाभराने अंगठ्याला अंदाज आला, कंबर मात्र तक्रार करत राहिली. ह्यांनी फेकलेली पहिली पेंढी सरळ एका बाईच्या पाठीवर पडली. सगळ्या जणी हसल्या, मग हेही हसले. नंतर त्यांनी कोणाला किती पेंढ्या लागतात त्याचा हिशेब लावला आणि ओळीच्या मागे अंतरा-अंतरावर बरोबर टाकायला लागले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झालेला दिसला.

ओळ सरकत सरकत माझं टोक धुऱ्याजवळ आलं तेव्हा हे वर उभे होते. म्हणाले, "तुले हे इतकं येते, कधी बोलली नाई."

मी सरळ उभी राहिले. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"आनखी एक बोलली नाई मी. प्लॉट पाह्यला त्या दिवशीच मले दिसलं होतं. ते बांधी होती. धसकटं होती तिथी."

"अन् तू बोलली नाई."

"नाई."

"काऊन?"

"बोलली असती तं तुमी घेतला नसता."

त्यांनी हातातली पेंढी फेकली नाही. ती खाली धुऱ्यावर ठेवली आणि दुसऱ्या टोकाला निघून गेले. तिथून काम चालू ठेवलं, पण माझ्या बाजूला आले नाहीत. दुपारी सगळे धुऱ्यावर जेवायला बसले. मिस्तरीच्या म्हाताऱ्या आईने भात आणि अंबाडीची भाजी वाढली. हे माझ्याकडे पाठ करून जेवले. ओळीतल्या बायकांच्या लक्षात आलंच. त्यांनी मला भाजी दुसऱ्यांदा वाढली.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा मिस्तरी कंपाउंडच्या बाजूला चर खणून हात पुसत होता. त्याने ह्यांना सगळं समजावून सांगितलं. तुंबलेलं काहीच नव्हतं. शेजारच्या शेतकऱ्याने रोवण्यासाठी बांधीत पाणी कोंडलं होतं, ते जमिनीतून आमच्या शोषखड्ड्यात भरत होतं, म्हणून टाकीतलं पाणी निघायला जागा नव्हती. मिस्तरीने चर नाल्यापर्यंत नेली. शेजारच्याचा रोवणा कालच आटपला होता, त्याला आता इतकं पाणी नकोच होतं. त्यानेही धुरा फोडून चार बोटं पाणी उतरवलं.

"घराले काई झालं नाई, भाऊ. पाण्याले जायाले वाट नव्हती, बस. दरसाल रोवण्याच्या आधी ही चर साफ करा लागन. लई काम नाई, एक दिवसाचं आहे."

हे आत गेले. फ्लशचा आवाज आला. मग टाकी भरेपर्यंत थांबून पुन्हा एकदा आला. पुन्हा थांबून तिसऱ्यांदा. बाहेर आले, मिस्तरीच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला स्वतः चहा करून दिला. मला दिला नाही.

मी तांदूळ धुवायला घेतले. आपण जे केलं ते बरोबर नव्हतं, हे मला कळत होतं. रविवारी गिऱ्हाईक आलं तर मी आडवी येणार नाही, असं मनाशी ठरवलं होतं. ज्याला फसवलं त्याच्याकडे अजून काय मागायचं.

मिस्तरी गेल्यावर ह्यांनी ओसरीवरून मुलाला फोन लावला. ह्यांना फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची सवय आहे, कंट्रोल रूममधली.

"रविवारी गिऱ्हाईक आनू नको," हे म्हणाले.

"काऊन बाबा? तुमीच तं म्हनलं, फसलो म्हनून."

"हो, फसलो. पन मले वाटे परक्यानं फसवलं. तसं नाई आहे. तुह्या आईनं फसवलं. तिले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, बांधी आहे म्हनून. आता तिले एवढं समजूनबी हेच घर पाह्यजे होतं, तं मी विकाचं कशाले?"

मुलगा तिकडून काहीतरी विचारत राहिला. मला काही ऐकू आलं नाही. तांदळाचं पातेलं हातात धरून मी तशीच उभी होते, आणि रडत होते.

थोड्या वेळाने हे स्वयंपाकघराच्या दारात आले. माझ्याकडे पाहिलं नाही, चुलीकडे पाहिलं. दुपारपासून माझ्याशी पहिलं वाक्य बोलले.

"उद्या रोवाले किती वाजता निघाचं?"

"सातले," मी म्हणाले.